साडीची उलट बाजू

मागच्या श्रावणात आईने माझ्या लग्नासाठी पैठणी घेतली. मला न सांगता, आणि मी ज्या कंपनीत काम करते तिच्याच ॲपवरून. भिशी लागली होती. दादरच्या दुकानात गादीवर बसून वीस साड्या उलगडायला लावायच्या आणि शेवटी 'घरी विचारून सांगते' म्हणून उठायचं, याचा तिला भारी संकोच. शिवाय पोरगीच तिथे आहे म्हटल्यावर फसवणूक कशाला होईल, हा तिचा हिशेब. किंमत ६,४९९ रुपये. जांभळा रंग, काठाला सोनेरी जर, पदरावर मोर. "मी 'हातमाग'वर टिक करूनच शोधली," हे तिने मला दोनदा सांगितलं. तो टिक करायचा चौकोन मी बनवलेला आहे, हे तिला माहीत होतं. दोन दिवाळ्यांपूर्वी मीच तिचा फोन हातात घेऊन दाखवलं होतं, "हे बघ, हे मी केलंय."

लालबागच्या आमच्या खोलीत पलंग एकच आहे, आणि तो आजीचा. तिने साडी मांडीवर घेतली, पदर उलटा केला आणि मागच्या बाजूवरून बोटं फिरवली.

"चांगली हाय," ती म्हणाली. "साच्यावरची हाय. कुठं तार तुटल्याली न्हाई."

गिरणगावात साचा म्हणजे माग. मिलमधला, विजेवर चालणारा. आजोबा २७ वर्षं साळखात्यात साचे चालवत होते, त्यामुळे कापड उलटं करून बघायची सवय आजीला त्यांच्याकडून लागलेली.

"आई, हातमागाची आहे ती. तसं लिहिलंय त्याच्यावर," आई म्हणाली.

"लिवलं असंल," आजी म्हणाली आणि घडी घालून साडी परत दिली.

मी तेव्हा काहीच बोलले नाही. रात्री दोघी झोपल्यावर कपाट उघडून मोबाइलच्या उजेडात मी तो पदर बघितला. हाताने विणलेल्या पैठणीत पदरावरचा प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या कांडीवर असतो. मोराच्या मानेपुरता निळा धागा विणकर तेवढ्याच तारांमधून फिरवतो, शेजारच्या रंगात अडकवतो आणि मागे वळवतो. त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. यंत्रमागावर रंगीत धागा पदराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. नक्षी असेल तिथे तो वर येतो, नसेल तिथे मागे लोंबत राहतो, आणि नंतर तो लोंबता भाग कापून टाकतात. आईच्या साडीच्या पदरामागे असे कापलेले धागे होते, ब्रशच्या केसांसारखे. हे ओळखायला दोन मिनिटं लागतात. यूट्यूबवर ते दाखवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. मी त्यातला एकही कधी बघितला नव्हता, आणि आमच्या ॲपवर 'हातमाग' कशाला म्हणायचं हे ठरवणारा कोड मात्र माझा होता.

तो कोड कसा होता ते सांगते. कंपनीचं नाव सांगणार नाही, करारात तसं कलम आहे. दिवाळीच्या सेलला दहा दिवस उरले होते. लोक सर्चमध्ये 'हँडलूम' टाइप करतात म्हणून साड्यांच्या पानावर 'हातमाग' असा फिल्टर आणि फोटोच्या कोपऱ्यात एक छोटा बिल्ला हवा होता. प्रत्येक विक्रेत्याकडून माहिती मागवायला वेळ नव्हता. मग साडीच्या नावात किंवा वर्णनात 'हँडलूम' हा शब्द शोधायचा, सापडला की बिल्ला लावायचा, असं मी केलं. दीड दिवसात झालं. टेस्टिंगमधल्या सहकाऱ्याने कळवलं की 'हँडलूम लूक', 'हँडलूम स्टाइल', 'हँडलूम फील' असं लिहिलेल्या साड्यांनाही बिल्ला लागतोय. त्याचं बरोबर होतं. शब्द तर तिथे होताच. त्या तिकिटाखाली मी 'सेलनंतर बघू' असं लिहिलं आणि प्राधान्य सगळ्यात खालचं दिलं. सेल झाला, फिल्टर चालला, त्या तिमाहीत माझं कौतुक झालं. आईला दाखवलं ते हेच.

आईच्या ऑर्डरमध्ये जाऊन साडीचं पूर्ण नाव वाचलं. 'प्रीमियम हँडलूम लूक पैठणी सिल्क साडी विथ ब्लाउज पीस.' म्हणजे विक्रेत्याने खोटं लिहिलं नव्हतं. 'लूक' त्याने स्पष्ट लिहिलं होतं. खोटं मी लिहिलं होतं.

साडी परत करायची मुदत सात दिवसांची होती. मी अकरा दिवस गप्प राहिले.

त्या अकरा दिवसांत मला जास्त छळलं ते आजीच्या बोलण्याने. कारण ती साडीला नावं ठेवत नव्हती. 'साच्यावरची हाय' हे तिच्या तोंडून कौतुकच होतं. आजोबा साताऱ्याकडून आले. घराण्यात शेती, कापड विणणं हा आमच्यात कोणाचाच धंदा नव्हता. आधी बदलीवर, मग कायम, असे ते साचेवाले झाले. आधी दोन साचे सांभाळायचे, नंतर चार. धोट्यांच्या खडखडाटाने त्यांना एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून आमच्याकडे टीव्हीचा आवाज कायम मोठा असायचा आणि शेजारी कुरकुरायचे. चांगलं कापड म्हणजे एकसारखं कापड, हे त्यांचं मत. एका वारात आणि दुसऱ्या वारात फरक दिसला तर चूक साचेवाल्याची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर आले, त्यात ते होते, आणि नंतर ते कधी आत गेले नाहीत. कापडाबद्दल बोलायचं थांबले नाहीत मात्र. लग्नाकार्यात कोणी नवं धोतर आणलं की आधी बोटांमध्ये धरून बघायचे.

आमच्याच मजल्यावर टोकाच्या खोलीत एक पद्मशाली कुटुंब होतं, तेलंगणातून आलेलं. त्या घरातले आजोबाही साळखात्यातच. फरक एवढाच की त्यांच्या वडिलांच्या घरी गावाकडे खड्ड्यातला माग होता आणि ते स्वतः त्यावर लहानपणी बसलेले होते. हे आजी सांगते. बाजारात मिलचं धोतर आलं, ते स्वस्त होतं, घरचं धोतर कोणी घेईना. मग ते मुंबईला आले आणि मिलचं धोतर विणू लागले. आजीला यात काही विशेष वाटत नाही. "पोटाला लागतंया," एवढंच म्हणते. मी हे पूर्वी पन्नास वेळा ऐकलं असेल. या वेळी पहिल्यांदा त्याचा अर्थ कळला.

ताडदेवला १८५६ मध्ये मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाली. सुरुवातीच्या गिरण्यांचा भर कापडापेक्षा सुतावर होता. ते सूत चीनला जायचं आणि इथल्या हातमागांवरही जायचं. म्हणजे गिरणी हातमागाला सूत पुरवत होती, आणि मग तिचे साचे वाढत गेले तसं त्याच हातमागाचं गिऱ्हाईक खात गेली. संपानंतर गिरण्या बसल्या आणि कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेलं. यंत्रमागवाल्यांनी गिरण्यांतून निघालेले जुने साचे विकत घेऊन बसवले होते, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. आपला साचा भिवंडीला गेला असं आजोबा शेवटपर्यंत सांगायचे. कसं कळलं विचारलं तर हसायचे.

तर माझ्या घराचा इतिहास हातमागाच्या बाजूचा नाहीच. तो साच्याच्या बाजूचा आहे. माझं ऑफिससुद्धा लोअर परळच्या एका जुन्या मिलच्या आवारात आहे. चिमणी ठेवली आहे, तिला रात्री लाइट लावतात. आईची साडी बहुधा कुठल्यातरी यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत उभं राहून कोणीतरी विणली असेल, आणि तो माणूस माझ्या आजोबांसारखाच असेल. त्याच्या कामाला मी कोणत्या तोंडाने नकली म्हणू? यंत्रमागाची साडी नकली नसते. यंत्रमागाची साडी यंत्रमागाची असते. तिला दुसऱ्याचं नाव लावलं की दोघांचं नुकसान होतं, आणि ते नाव मी लावलं होतं.

हे असं सलग सुचलं नाही. अकराव्या दिवशीच्या आसपास मी हिंदमाताला गेले होते, दादर पूर्वेला, कापडबाजारात. तिथल्या एका दुकानदाराला पैठणी दाखवा म्हटलं, तर त्याने सरळ विचारलं, "सेमी का प्युअर?" सेमी म्हणजे यंत्रमागाची. दोन-अडीच हजारांपासून पुढे. मी हातमागाची म्हटल्यावर तो म्हणाला, "मॅडम, ती बारा-पंधरा हजारांच्या पुढे. माझ्याकडे नाही, येवल्याच्या माणसाकडून घ्या." मला त्या माणसाचा हेवा वाटला. त्याच्या धंद्याकडे 'सेमी' हा शब्द होता. गिऱ्हाइकालाही कळतो, दुकानदारालाही कळतो, कोणाची इज्जत जात नाही. आमच्या गल्लीत गणपतीत आणि हळदीकुंकवाला 'खेळ पैठणीचा' होतो, तिथे बक्षीस सेमीच असते, सगळ्यांना माहीत असतं, तरी बायका जीव तोडून फुगे फोडतात. २००४ साली टीव्हीवर 'होम मिनिस्टर' सुरू झालं आणि पैठणी घराघरांतली इच्छा झाली. मागणी एवढी वाढली की ती हातांनी पुरी होणं शक्यच नव्हतं. सेमीने ती पुरी केली. त्यात गैर काय?

गैर सुरू होतं ते 'सेमी' शब्द गाळला की. आणि फोनच्या पडद्यावर तो गाळणं फार सोपं आहे, कारण पडद्यावर साडी उलटी करून बघता येत नाही.

मग मी वाचायला घेतलं. तेव्हा कळलं की मी दीड दिवसात जो प्रश्न सोडवला असं मला वाटलं होतं, त्यावर सरकार कित्येक दशकं काम करतंय. १९८५ चा एक कायदा आहे, काही वस्तू फक्त हातमागासाठी राखून ठेवणारा. सुरुवातीला २२ प्रकार राखीव होते, पुढे ते ११ वर आले. साडी त्यात आहे, कोणत्या धाग्याची आणि कशा विणीची याच्या अटींसह. त्या कायद्यातली हातमागाची व्याख्या वाचून मी हसले: यंत्रमाग सोडून दुसरा कोणताही माग. आधी यंत्रमाग कशाला म्हणायचं ते सांगितलं आहे आणि उरलेलं सगळं 'एल्स'मध्ये टाकलंय. कोड रिव्ह्यूला असं काही आलं तर मी परत पाठवलं असतं. पण माझ्या कोडपेक्षा ती व्याख्या बरी आहे, तिच्यात 'लूक' बसत नाही.

खुणा दोन आहेत आणि लोक त्यांचा घोळ करतात. मीही करत होते. सिल्क मार्क हा केंद्रीय रेशीम मंडळाकडून येतो. तो असला म्हणजे धागा खरं रेशीम आहे, एवढंच. ते रेशीम हातमागावर विणलं की यंत्रमागावर, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. यंत्रमागाच्या शुद्ध रेशमी साडीला सिल्क मार्क मिळतो आणि तो योग्यच मिळतो. दुकानात तो लेबल दाखवून 'सर्टिफाइड आहे' म्हणतात आणि आपल्याला वाटतं की हातमागाची आहे. हातमागाची खूण वेगळी, हँडलूम मार्क, २००६ पासूनची. ती देण्याचं काम वस्त्रोद्योग समितीकडे आहे. म्हणजे टेक्स्टाइल्स कमिटीकडे. तिचं मुख्य कार्यालय प्रभादेवीला आहे. आमच्या ऑफिसपासून चालत पंचवीस मिनिटं. कोणत्या विक्रेत्याकडे ही खूण आहे, एवढी एक रकाना मागायची कल्पना त्या दहा दिवसांत आमच्यापैकी एकालाही सुचली नाही. आम्ही जेवायला प्रभादेवीला जायचो.

दुसऱ्या एका शनिवारी मी गिरगावात गेले. ऑपेरा हाउसजवळ, मामा परमानंद मार्गावर, विणकर सेवा केंद्र आहे. केंद्र सरकारचं ऑफिस, शनिवारी बंद, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पाटी वाचून परत आले. पण या केंद्राबद्दल वाचलेलं सांगितलंच पाहिजे. १९५० च्या दशकात पुपुल जयकरांच्या पुढाकाराने अशी केंद्रं देशात सुरू झाली, मुंबईचं सुरुवातीच्या केंद्रांपैकी. विणकरांना नवी डिझाइन्स मिळावीत म्हणून तिथे चित्रकारांना नोकरीवर घेतलं होतं. प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात वीसेक वर्षं होते. 'कोरा कॅनव्हास' लिहिणारे बरवे. के. जी. सुब्रमण्यनही काही काळ तिथे होते. देशातले एवढे मोठे चित्रकार पगार घेऊन साडीच्या काठाचा आणि पडद्याच्या कापडाचा विचार करत होते. मला हे वाचून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. आमच्याकडे डिझायनर आहेत, चांगले आहेत, ते बटणाचा रंग कोणता असला की जास्त लोक दाबतात याचा विचार करतात.

त्याच वाचनात हेही आलं: अखिल भारतीय हातमाग मंडळ जुलै २०२० मध्ये बरखास्त झालं. ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो. मध्ये जेमतेम अकरा दिवस गेले होते.

पण हे सगळं वाचून विणकर म्हणून डोळ्यांसमोर कोणी येत नव्हतं. ते आलं दादरला. एका हॉलमध्ये हातमागाचं प्रदर्शन भरलं होतं, आईला 'जरा फिरून येऊ' म्हणून घेऊन गेले. एका कोपऱ्यात येवल्याचे एक काका छोटा माग लावून बसले होते, लोकांना दाखवायला. पन्नाशीचे असतील. आई दुसऱ्या स्टॉलवर रमली तेव्हा मी त्यांच्याजवळ उभी राहिले. पदराची नक्षी चालू होती. समोर पंधरा-वीस कांड्या लोंबत होत्या, ते एक उचलायचे, आठ-दहा तारांतून काढायचे, ठेवायचे, दुसरी उचलायचे. बघताना वाटलं होतं की पटापट होत असेल. मी वीस मिनिटं उभी होते, मोराचा डोळासुद्धा पुरा झाला नाही.

"दिवसाला किती होतं?" मी विचारलं.

"पदर असला तर दोन इंच. डोळे चांगले असले तर."

काठाला ते जॅकार्ड लावतात, पदर मात्र हातानेच. साडी शेठची. रेशीम आणि जर शेठ देतो, साडी उतरली की मजुरी मिळते. ते आणि बायको मिळून काम करतात. कांड्या भरणं, ताणा जोडणं हे बायकोचं, पण मजुरी एकाच नावावर येते. त्या वेळी मागावर होती तसली साडी उतरायला दीड महिना लागतो, आणि हातात येतात साधारण दहा हजार. म्हणजे दोघांचे. मी मनात भागाकार करत होते ते त्यांना दिसलं असावं.

"करू नका हिशेब," ते म्हणाले. "आम्हीही करत नाही."

मुलगा सिन्नरच्या एमआयडीसीत जातो. त्याला मागावर बसवायचा त्यांनी प्रयत्न केला होता. बसला सुद्धा, सहा महिने. "त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. पण तिथं सात तारखेला पगार होतो. इथं साडी उतरल्यावर. मधे घरात कोणी आजारी पडलं की शेठकडून उचल घ्यायची, मग ती फेडत बसायची." हे ते तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते, मुलाची बाजू मांडत होते.

चौथ्या हातमाग गणनेत, म्हणजे २०१९-२० च्या, देशात विणकर आणि जोडकाम करणारे मिळून ३५ लाख २२ हजार लोक मोजले गेले. त्याआधीच्या गणनेत ते ४३ लाख ३१ हजार होते. दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न पाच हजारांच्या आत होतं. विणणाऱ्यांत बहुसंख्य बायका आहेत. हे आकडे मी प्रदर्शनाआधी वाचले होते, आणि 'तरुण पिढी या व्यवसायाकडे वळत नाही' अशी वाक्यंही वाचली होती. ती वाक्यं वाचताना असं वाटतं की तरुण पिढीला मोबाइलमधून डोकं वर काढायला वेळ नाही. तो सिन्नरचा मुलगा माझ्याच वयाचा. मीही सात तारखेच्या पगारावर जगते. मी काय वेगळं केलं असतं?

मी त्यांना मोबाइलवर आमचं ॲप उघडून दाखवलं. का दाखवलं माहीत नाही. 'हातमाग'वर टिक केली, पैठणी शोधली. त्यांनी चष्मा लावून दहा-बारा फोटो बघितले.

"ह्यात एकही नाही," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "हा बिल्ला कोण देतो?"

मी म्हटलं, कंपनी देते.

"मग आमच्या शेठला सांगा की. त्याच्या साड्यांना नाही हा. तो नावात फक्त 'पैठणी' लिहितो. पैठणी म्हणजे हातमागाचीच, वेगळं काय लिहायचं, म्हणतो."

ही बाजू माझ्या लक्षातच आली नव्हती. मी फक्त नकली साड्यांना बिल्ला लागतोय एवढंच धरून बसले होते. ज्याने खरी साडी विणून आणली त्याला 'हँडलूम' हा शब्द लिहायची गरजच वाटली नाही, आणि माझ्या फिल्टरने त्याला यादीतून बाहेर काढलं. आई टिक करून शोधत होती तेव्हा त्या शेठच्या साड्या तिला दिसल्याच नसणार. 'लूक'वाल्या दिसल्या.

सोमवारी ऑफिसात मी जुनं तिकीट परत उघडलं. माझं म्हणणं साधं होतं. बिल्ला हवा असेल तर विक्रेत्याने हँडलूम मार्कचा क्रमांक द्यावा; पैठणी असेल तर पदराच्या उलट्या बाजूचा एक फोटो द्यावा, आणि तो फोटो गिऱ्हाइकाला दिसावा. बाकी साड्या जशा आहेत तशा विका, 'यंत्रमाग' असं लिहून विका. मॅनेजर वाईट माणूस नाही, त्याने नीट ऐकलं. मग विचारलं की उलट्या बाजूचा फोटो बघून कोण साडी घेईल? मी म्हटलं, माझी आजी. सगळे हसले. मीही हसले, पण मी विनोद केला नव्हता. एका छोट्या गटावर पंधरा दिवस प्रयोग करायचं ठरलं. आकडे मला इथे लिहिता येणार नाहीत. एवढंच सांगते की बिल्ला असलेल्या साड्या फार थोड्या उरल्या, त्या महाग होत्या, आणि विक्री खाली आली. प्रयोग थांबवला. नावात 'लूक', 'स्टाइल', 'फील' असेल तर बिल्ला लावायचा नाही, एवढी एक ओळ मात्र मी घालून घेतली, ती टिकली. दुसऱ्याच आठवड्यात काही विक्रेत्यांनी नावातून 'लूक' काढून टाकला. आता ते खरंच खोटं लिहितात. हे मी केलं की त्यांनी केलं, यावर माझं आणि त्या टेस्टिंगवाल्या सहकाऱ्याचं एकमत नाही.

आईला मी अखेर सांगितलं ते भाजी निवडताना. सगळं सांगितलं, कोडसकट. ती मेथीची पानं खुडत राहिली. मला वाटलं होतं पैशांबद्दल बोलेल.

"साडेसहा हजारांत हातमागाची पैठणी येत नाही, एवढं मलाही कळतं गं," ती म्हणाली. "मलाही वाटलं होतं एवढी स्वस्त कशी. पण म्हटलं, तू लिहिलंयस."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. आजी पलंगावरून म्हणाली की साडीला काय झालंय, चांगली तर आहे, आणि तिचं खरंच आहे. लग्नात मी तीच नेसणार आहे. मार्गशीर्षातला मुहूर्त आहे.

येवल्याच्या काकांचा नंबर मी घेऊन ठेवला होता. ते स्वतःच्या नावावर साडी विणत नाहीत, रेशीम आणि जर आणायला भांडवल लागतं. मी निम्मे पैसे आधी दिले. जांभळीच सांगितली, पदरावर मोर. एका साडीने काही होत नाही हे मला माहीत आहे, तेही म्हणाले, "ही झाली की परत शेठचीच लावायची." शेठची साडी मागावरून उतरायला वेळ लागला, मग त्यांच्या बायकोचा हात दुखावला, मग ताणा लागला. लग्नापर्यंत होणार नाही हे दिवाळीतच स्पष्ट झालं. दर रविवारी ते व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवतात. पदराचा, उलट्या बाजूचा. मी मागितला नव्हता, पण प्रदर्शनात मी त्यांना माझी गोष्ट सांगितली होती, ती त्यांच्या लक्षात राहिली असावी.

गेल्या रविवारी नऊ इंच झालं होतं. आईने फोटो मोठा करून बघितला, मग फोन आजीच्या डोळ्यांसमोर धरला. आजीने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "सुलट बाजूचा का न्हाई धाडत ह्यो?"